मला शेवटी फोन करा

पहिल्या पाळणाघरात सगळं ठरत आलं होतं. मी 'आकडी' म्हटलं आणि तिथल्या बाईंना आठवलं की जागा कालच भरली. दुसऱ्या पाळणाघरात मी शहाणी झाले होते. आधी बाकीचं सगळं बोलून घेतलं, भिंतींचा रंग छान आहे म्हटलं, खेळणी छान आहेत म्हटलं आणि तो शब्द अगदी शेवटी, जाता जाता आठवल्यासारखा सांगितला. तिथलीही जागा बोलता बोलता भरली. त्यामुळे तिसऱ्या पाळणाघराच्या दारात उभी राहिले तेव्हा तोंडावर हसू चिकटवलेलं होतं, कडेवर भिंगरी होती आणि पिशवीत टाइप केलेला एक कागद होता.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. दीड वर्षाची. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून हेच चिकटलं. तिला ताप चढला की कधी कधी आकडी येते. अंग ताठतं, डोळे वर जातात, हातपाय झटके देतात. थोड्या वेळानं थांबतं आणि ती गाढ झोपून जाते, आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून एकमेकांकडे बघायचं टाळतो. डॉक्टर म्हणाले, शाळेच्या वयापर्यंत बहुतेक मुलांचं आपोआप थांबतं. तोवर काय करायचं तेही त्यांनी सांगितलं, चहात साखर किती ते सांगावं इतक्या सहज. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

मला सोमवारपासून कामावर जायचं होतं. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवतात आणि त्यावरून आम्ही कॅप आणि कवळ्या बनवतो. माझ्याकडे पोर्सलेन. पावडर पाण्यात कालवायची, बारीक ब्रशनं धातूच्या टोपीवर थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा चढवायचा, शेजारच्या खऱ्या दातालासुद्धा संशय येणार नाही तोवर. माझा नवरा सगळ्यांना सांगतो, लोकांचे दात घशात घालणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, तोंडात घालणारी आमचीच. भिंगरी झाल्यापासून माझ्या स्टुलावर एक बदली मुलगी बसत होती. मालकीणबाईंनी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं होतं की तिचा हात आता छान बसलाय, तेव्हा सोमवारी स्टुलावर कोण बसणार ते एकदा कळव. त्या गोडीचा अर्थ न कळायला मी काही दुधखुळी नव्हते.

सासूबाई दूर, आई त्याहून दूर. नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो, आज या इमारतीत तर उद्या त्या. म्हणजे हे तिसरं पाळणाघर नाही म्हणालं, तर सोमवारी घरात मी असणार आणि स्टुलावर ती.

पाळणाघर रस्त्याच्या पातळीवरच होतं, एका बाजूला किल्ल्या करून देणारा आणि दुसऱ्या बाजूला सायकलचं दुकान. आत सगळीकडे निळ्या गाद्या अंथरलेल्या, मुलांच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक पिशवी आणि पिशवीवर कापडाचा एक प्राणी शिवलेला. दुधाचा आणि साबणाचा वास. हे चालवणाऱ्या बाई इतक्या उंच की स्वतःच्याच दारातून वाकून बाहेर आल्या. त्यांची भाषा वेगळी, माझी वेगळी, त्यांच्या हाताखालच्या दोघींच्या आणखी वेगळ्या. सगळ्यांना जोडणारी काय ती इंग्रजी, तीही प्रत्येकीची आपापल्या ठिकाणी मोडलेली. मी त्यांना मनातल्या मनात मोठ्या बाई म्हणायला लागले आणि तेच नाव राहिलं.

या वेळी मी तो शब्द सुरुवातीलाच सांगून टाकला. नाही म्हणायचंय तर लवकर म्हणा, भिंगरीला खाली ठेवायच्या आत. मोठ्या बाईंनी जागेचं काही काढलं नाही. किती वेळ टिकते, एवढंच विचारलं. मी इतकी गडबडले की उत्तराऐवजी पिशवीतला कागदच त्यांच्यापुढे धरला. रात्र रात्र जागून मी तो लिहिला होता, ठळक अक्षरांत मथळे दिले होते. त्यांनी तो न वाचता घडी घातला आणि परत माझ्या पिशवीत ठेवला.

तिथली पद्धत वेगळी होती. ज्या मुलाचं काही खास सांभाळायचं असेल, त्याच्या आईनं किंवा बापानं तोंडानं सांगायचं. सांभाळणाऱ्या बाईनं ते तिथल्या तिथे बाहुलीवर करून दाखवायचं. सांगितलं तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही. मग उलट: बाई सांगणार, आई करणार. दोन्ही बाजूंनी न अडखळता झालं की मूल घेतलं, नाही झालं की पुन्हा या. बाहुली टॉवेलची होती, पोटात वाळू भरलेली, हातात घेतली तर भिंगरीएवढीच जड. मान धरली नाही तर डोकं मागे पडायचं. पूर्वी त्या कागद लावत असत म्हणे भिंतीवर. एकदा खरंच वेळ आली तेव्हा हाताखालची मुलगी भिंतीपाशी उभी राहून कागद वाचत बसली, आणि कागदाची पहिली दोन वाक्यं 'आपण सर्व मजेत असाल' अशा थाटाची होती. मुलाला काही झालं नाही. कागद मात्र त्या दिवशी सगळे उतरले.

आखूड केसांची एक पोरगेलीशी सांभाळणारी बाहुली घेऊन गादीवर बसली आणि मी सुरू केलं. इफ शी गेट्स फीवर, देन, इफ इट इज नॉट एनी ट्रबल टू यू, आय वुड बी व्हेरी ग्रेटफुल... माझं वाक्य संपेपर्यंत खऱ्या मुलाचा ताप उतरला असता. आखूड केसवाली बाहुलीकडे बघे, माझ्याकडे बघे, माझ्या वाक्यात काय करायचं ते येईचना. कुशीवर वळवायचं आलं तेव्हा मी म्हटलं, यू मे टर्न हर. तिनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी मला विचारलं, "मे?" म्हणजे वळवायचं की राहू दे म्हणतेस? त्या टोमणा मारत नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या. तोंडात काही घालू नका हे सांगताना मी 'प्लीज ट्राय नॉट टू' अशी काहीतरी गुंडाळागुंडाळ केली. आखूड केसवालीनं चमचा उचलला, बाहुलीच्या तोंडाशी नेला, हात थरथरवला आणि शेवटी घातलाच. म्हणाली, ट्राय केलं, पण जमलं नाही. तिघी हसल्या. मीही हसले, कारण नाहीतर रडले असते.

मोठ्या बाईंनी चमचा काढून घेतला आणि मला शुक्रवारी यायला सांगितलं. दारापर्यंत आल्या, वाकल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "डोन्ट आस्क मी. टेल मी."

मला विचारू नकोस, मला सांग.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी ठरवूनच टाकलं होतं की ती बाई खडूस आहे. त्याला सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. तो बूट काढत ऐकत होता. मग म्हणाला, "पण तू सरळ टर्न हर का नाही म्हणालीस?"

"अरे, माझ्या आईच्या वयाच्या आहेत त्या. टर्न हर म्हणजे वळव तिला. आईला मी वळव म्हणू?"

"इंग्रजीत वळव आणि वळवा एकच."

"म्हणूनच प्लीज लावते ना."

"एक प्लीज लाव की. तू त्या एका 'वा'च्या भरपाईसाठी अख्ख्या वाक्याला लोटांगण घालायला लावतेस."

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. आणि पुरतं बरोबरही नव्हतं. मी उपकार मागितल्यासारखं बोलत होते ते आदरापोटी थोडंच. दोन ठिकाणी दारं मिटली होती. तिसरं उघडं राहावं म्हणून मी माझ्या मुलीची आकडी शक्य तितकी लहान, शक्य तितकी बिनत्रासाची करून दाखवत होते. तुम्हाला काही करावं लागणार नाही हो, जमलं तर बघा. हे त्याला सांगितलं. तो उठला आणि कामाच्या पिशवीतून लिफ्टचं पुस्तक घेऊन आला. तेलाचे डाग पडलेलं, पानं दुमडलेलं ते इंग्रजी पुस्तक मी एरवी जेवणाच्या टेबलावर ठेवू देत नसे.

"हे वाच," तो म्हणाला. "मोठ्यानं."

इफ द डोअर डज नॉट क्लोज, चेक द सेन्सर. इफ द रोप इज वोर्न, डू नॉट रन द लिफ्ट. इफ द कार स्टॉप्स बिटवीन फ्लोअर्स, स्विच ऑफ द मेन सप्लाय. पानंच्या पानं तशीच. दार बंद होत नसेल तर सेन्सर तपासा. दोर झिजला असेल तर लिफ्ट चालवू नका. दोन मजल्यांच्या मधे अडकली तर मेन स्विच बंद करा. मी वाचत गेले. कुठेही नमस्कार-चमत्कार नाही, कुणाची क्षमा मागणं नाही, आणि तरी वाचताना कुणी कुणाचा अपमान करतंय असं वाटत नव्हतं. उलट लिहिणारा माणूस आपल्या शेजारी उभा राहून खांद्यावर हात ठेवून सांगतोय असं वाटत होतं. इफच्या पुढे जे काय वाईट व्हायचं ते एकदाच, न लाजता सांगून टाकलेलं. मग हाताला काम.

"यात माणसं लटकलेली असतात," नवरा म्हणाला. "लिफ्टखालच्या खड्ड्यात मी असतो. मला कुणी 'शक्य झाल्यास कृपया' म्हटलं तर मी चपटा होईन."

मग तो जमिनीवर आडवा झाला. म्हणाला, मी भिंगरी. चल, सांग आणि कर. एवढा आडदांड गडी, डोळे वर करून हातपाय झाडायला लागला आणि मी क्षणभर दुसरीकडेच बघितलं. खऱ्या भिंगरीला मात्र पर्वणीच. ती रांगत आली, त्याच्या पोटावर चढली आणि टाळ्या पिटायला लागली. मी म्हणत होते, इफ शी शेक्स, टर्न हर ऑन हर साइड, आणि दोघांना मिळून कुशीवर वळवायला बघत होते. त्यात आईचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून खुर्चीवर ठेवला.

आईनं विचारलं, भांडण चाललंय का. म्हटलं, नाही, इंग्रजी शिकतेय. कसलं इंग्रजी ते ऐकून घेतल्यावर म्हणाली, हुकूम सोडायला शिकतेयस होय, आणि तेही तू? जावईबापूंना विचार, घरात कोण शिकवतं कुणाला.

नवरा जमिनीवरून म्हणाला, "आई, मला बोलता येत नाही. मी दीड वर्षाचा आहे."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिचा आवाज बदलला. म्हणाली, परक्या बाईच्या हातात द्यायचं म्हणजे सोपं नाही ग. मी म्हटलं, सोपं नाहीच. आणि फोन ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

इफ शी शेक्स, कॉल मी. इफ शी शेक्स, टर्न हर ऑन हर साइड. डोन्ट होल्ड हर हँड्स. डोन्ट पुट एनीथिंग इन हर माउथ. भांडी घासताना म्हटलं, दूध तापवताना म्हटलं, भिंगरीचे मोजे शोधताना म्हटलं. नवऱ्यानं एकदा विचारलं, पहिलं वाक्य 'मला फोन करा' का. मी म्हटलं, आई आहे मी तिची.

गुरुवारी भिंगरीला घेऊन लॅबमध्ये जाऊन आले. सोमवारी मी येणार आहे हे मालकीणबाईंच्या तोंडावर सांगायचं होतं, फोनवर नव्हे. स्टुलावरची मुलगी खरंच चांगली होती. तिनं भाजलेली एक पुढची कॅप मी उजेडात धरून बघितली आणि मनातल्या मनात तिच्या ब्रशला दाद दिली. म्हणजे आता कंबर कसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पोर्सलेनच्या खोलीत फोन नेता येत नाहीत, हे पूर्वीपासूनचंच. प्लास्टरची धूळ, ओले हात, एक कण जरी थरात गेला तरी दात भट्टीतून डाग घेऊन बाहेर येतो. सगळ्यांचे फोन पुढच्या टेबलाच्या खणात. धूळ ओढणारी मोटर सुरू झाली की शेजारी बसलेलीला हाक मारायची तरी कोपर मारावं लागतं. मी मालकीणबाईंना विचारलं, मुलीसाठी फोन आला तर? त्या म्हणाल्या, कुणीतरी सांगेलच की. मी मान डोलावली. तो 'कुणीतरी' घरापर्यंत माझ्यामागे चालत आला, पण मी त्याच्याशी बोलले नाही.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या गादीवर मी मांडी घालूनच बसले. भिंगरीला खाली सोडलं, ती थेट खुंट्यांवरच्या पिशव्या ओढायला गेली. आखूड केसवाली बाहुली घेऊन समोर बसली. मी लिफ्टच्या पुस्तकातल्या माणसासारखी सुरू झाले.

झटके आले तर मला फोन करा. ताप आला तर कपडे सैल करा. झटके आले तर कुशीवर वळवा. हात धरू नका. तोंडात काही घालू नका. इंग्रजीत, एकेक वाक्य, मधे ना ग्रेटफुल ना ट्रबल. मी सांगितलं की ती करायची. चमचा जागचा हलला नाही. झटक्यांनंतर ती झोपली तर झोपू द्या, उठवू नका. दूध मागितलं तर पुरती जागी झाल्यावरच द्या. माझा आवाज मलाच वेगळा वाटत होता, उद्धट नव्हे, जरा उंच झालेला. आखूड केसवालीनं अंगठा वर केला. मला वाटलं, गड जिंकला.

मोठ्या बाई खाली बसल्या, बाहुली स्वतःपुढे ओढली आणि म्हणाल्या, पुन्हा. पहिल्या वाक्यापासून.

"इफ शी शेक्स, कॉल मी."

त्यांनी एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि माझा नंबर लावला.

माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला. मी सवयीनं हात घातला, तर त्यांनी तळवा वर केला. नको. तू कामावर आहेस. मग आखूड केसवालीला खूण केली, आणि तिनं बाहुलीचे दोन्ही हात धरून हलवायला सुरुवात केली. वाळूचं ते जड अंग गादीवर धप्‌धप्‌ आपटत होतं. मोठ्या बाई फोन कानाला लावून, शांतपणे, नुसत्या बसल्या होत्या. माझ्याकडेही बघत नव्हत्या. फोन वाजत होता. ती धून ऐकून भिंगरी नेहमीसारखी बसल्या बसल्या डुलायला लागली, एका हातात कुणाच्यातरी पिशवीचा बंद.

वाजणं थांबलं. बाहुली उताणीच होती, डोकं मागे पडलेलं. मोठ्या बाईंनी पुन्हा नंबर लावला. दुसरं काही करायला मी अजून सांगितलंच नव्हतं ना. मी म्हटलं होतं, झटके आले तर मला फोन करा. त्या करत होत्या.

फोन पुन्हा वाजायला लागला तेव्हा मला लॅबमधल्या टेबलाचा तो बंद खण दिसला, मोटर ऐकू आली, आणि माझीच पाठ दिसली, ब्रशवर वाकलेली. कुणाचा तरी दात शेजारच्या दातासारखा दिसावा म्हणून जीव ओतणारी मी, आणि इकडे एक उंच बाई माझ्या परवानगीची वाट बघत बसलेली. नवऱ्याला लावला असता तर तो खड्ड्यात. आमच्या दोघांपैकी एकजण तरी मिळेल असा दिवस असेलही, नसेलही. आकडी काही विचारून येत नाही. मी सगळी वाक्यं तासून सरळ केली होती, पण पहिल्याच ठिकाणी मुलगी आणि मदत यांच्या मधे स्वतःच ठाण मांडून बसले होते. माझ्याशिवाय तिला काही होऊच नये, आणि झालं तर माझ्याशिवाय कुणी हात लावू नये. हे काही मी डॉक्टरांकडून शिकले नव्हते.

"स्टॉप," मी म्हटलं.

मोठ्या बाईंनी फोन खाली घेतला. आखूड केसवालीचे हात थांबले. एवढ्या मोठ्या बाईला मी थांबवलं होतं आणि कुणाला काही वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. डॉक्टरांचं शेवटचं, पाच मिनिटांचं वाक्य मी घरी एकदाही मोठ्यानं म्हटलं नव्हतं, जमिनीवर आडवा झालेल्या नवऱ्यासमोरसुद्धा नाही. ते मनात ठेवलं की व्हायचं टळेल, अशी माझी भाबडी समजूत असावी.

मी पुन्हा सुरुवात केली. झटके आले तर कुशीवर वळवा. घड्याळ बघा. हात धरू नका, तोंडात काही घालू नका. इतकं त्यांनी केलं, मोठ्या हातांनी, फार हळू. बाहुली कुशीवर झाली, डोकं नीट विसावलं.

"इफ इट डज नॉट स्टॉप इन फाइव्ह मिनिट्स," मी म्हटलं, आणि आवाज चिरकला तरी थांबले नाही, "कॉल द अ‍ॅम्ब्युलन्स. डोन्ट वेट फॉर मी."

पाच मिनिटांत थांबलं नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. माझी वाट बघू नका.

त्यांनी मान हलवली. मग बोट माझ्याकडे करून विचारलं, "अँड यू?"

"कॉल मी लास्ट."

म्हटलं आणि वाटलं, हे त्यांना कळलं असेल, मला अजून कळायचंय. म्हणून आपल्या भाषेतही म्हणून टाकलं, मला शेवटी फोन करा. मोठ्या बाईंना त्यातला शब्दही समजला नसेल, पण त्यांनी फोन एप्रनच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात थोपटला.

मग उलट बाजू. त्या सांगत होत्या आणि मी वाळूच्या बाहुलीला वळवत होते. त्यांचे हुकूम माझ्याहून आखूड होते. टर्न. लुक क्लॉक. नो हँड्स. नो स्पून. एकदा मी चुकून बाहुलीला उचलून छातीशी धरलं, घरी धरते तशी, तर त्यांनी ती माझ्या हातांतून सोडवून परत गादीवर ठेवली. रागावल्या नाहीत. पुन्हा सांगितलं आणि मी पुन्हा केलं. आखूड केसवालीनं म्हटलं, तिसरीनं म्हटलं, स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या त्या तिसरीला इंग्रजी फार येत नव्हतं, पण 'कॉल मदर लास्ट' तिनं असं ठणकावून म्हटलं की भिंगरीनं दचकून तिच्याकडे बघितलं आणि मग हसली.

मोठ्या बाईंनी भिंगरीच्या हातातली पिशवी सोडवून जिची तिच्या खुंटीला लावली. एक मोकळी खुंटी दाखवली. कुठला प्राणी हवा विचारलं. मी म्हटलं, कुठलाही चालेल, आणि लगेच जीभ चावून म्हटलं, "डक."

त्या पहिल्यांदाच हसल्या. मग म्हणाल्या, त्यांचीही एक अट आहे, माझ्यासाठी. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला दारापर्यंत आणलं, भिंगरीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "इफ शी क्राइज, गो. डोन्ट टर्न बॅक."

मी रस्त्यावर आल्यावर आधी मालकीणबाईंना फोन लावला. सांगितलं, सोमवारी स्टुलावर मी बसेन, त्या मुलीला दुसरं टेबल द्या, हात चांगला आहे तिचा, घालवू नका. त्यांना माझ्याकडून इतकी सरळ वाक्यं ऐकायची सवय नव्हती. मग म्हणाल्या, बघते. मी म्हटलं, बघा.

सोमवारी भिंगरीच्या पिशवीत सगळं भरलं. दूध, केळं, सुटे कपडे, तापाचं औषध, तिच्या आवडीचं फडकं. कपाळाला हात लावून बघितला, मग थर्मामीटर लावून बघितलं, मग नवऱ्यानंही लावून बघितलं. ताप नव्हता. खुंटीवरच्या पिशवीला पिवळ्या कापडाचं बदक शिवून तयार होतं, चोच जरा वाकडी. भिंगरीनं ते बघितलं, हात लावला, खूश झाली, आणि माझा हात सुटल्याचं कळल्यावर असं भोकाड पसरलं की शेजारचा किल्लीवाला बाहेर येऊन उभा राहिला.

मोठ्या बाईंनी तिला कडेवर घेतलं. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांना सांगायचं ते त्यांनी शुक्रवारीच सांगितलं होतं.

माझे पाय दोनदा थबकले. तिच्या रडण्यात एक हुंदका असतो, मधे श्वास अडकल्यासारखा, तो मी झोपेतही ओळखते. तो आला. मी पिशवीचा पट्टा घट्ट धरला आणि सायकलच्या दुकानासमोरून, चाकात हवा भरणाऱ्या माणसाला वळसा घालून, चालत राहिले. कोपऱ्यावर आवाज ऐकू येईनासा झाला. तो थांबला होता की मी लांब आले होते, ते मला माहीत नव्हतं, आणि वळून बघायचं नव्हतं.

लॅबच्या जिन्यात नवऱ्याचा फोन आला.

"रडली का?"

"रडली."

"मग?"

"मग काय. निघाले."

त्याच्या मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"मी आता खाली उतरतोय," तो म्हणाला. "दुपारपर्यंत फोन लागायचा नाही."

"माझाही नाही लागणार," मी म्हटलं. "उतर तू. त्यांना सांगून झालंय."